नानांचा जुना मिक्सर, पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी आणि माय

आमच्या घरात 'मिक्सर' म्हटलं की दोन वस्तू निघतात. एक ओट्यावरचा, शेंगदाण्याची चटणी वाटायचा. दुसरा माळ्यावरचा, नानांचा, माइकांचे आवाज एकत्र करायचा. नानांची पारोळ्यात लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, तेरवी, सप्ताह, निवडणुकीची रिक्षा, काहीही असो, भोंगा आमचाच. पुढे डीजेवाले आले, नानांचे गुडघे गेले आणि सर्व्हिस बंद झाली. बॉक्स विकले, अँप्लिफायर विकला. आठ चॅनेलचा मिक्सर मात्र त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. विकायचं नाव काढलं की बहिरे व्हायचे.

माझं बस स्टँडकडे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा. म्हणजे कॉम्प्युटर रोजचा, पण आवाजातलं मला शून्य कळत होतं. गेल्या श्रावणात कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसली तेव्हा माय आणि गल्लीतल्या बाया रात्रभर अहिराणी गाणी म्हणत होत्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सकाळी ऐकलं तर पंखा एक नंबर, भांडी दोन नंबर आणि माय कुठेतरी तिसऱ्या खोलीत. तेव्हा डोक्यात आलं, माळ्यावर मिक्सर आहे, दोन माइक आहेत, दुकानात लॅपटॉप आहे. वायर जोडायची फक्त.

ती 'फक्त' वायर जोडायला मला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात घेतलेल्या वस्तूंबद्दल हे लिहितोय. मुख्य वस्तू म्हणजे मिक्सरचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपमध्ये घालणारी बेहरिंगरची यूसीए २०२ नावाची डबी, बाकीच्या तिच्या आगेमागे येतील.

सगळ्यात आधी मी तेच केलं जे सगळे करतात. मिक्सरच्या मेन आउटमधून (जिथून आवाज अँप्लिफायरकडे जातो त्या भोकातून) वायर काढली आणि लॅपटॉपच्या बाजूला हेडफोनचं जे एकच भोक असतं त्यात खुपसली. आवाज आला, पण फाटलेला, जसा लग्नात ओल्या भोंग्यातून येतो तसा. आणि एकाच बाजूने. लॅपटॉपचं ते भोक हेडफोन आणि माइक दोघांचं मिळून असतं. त्यातला माइकचा भाग एकेरी असतो, त्याला डावं-उजवं कळत नाही. शिवाय तो हँड्सफ्रीच्या इवल्याशा माइकसाठी बनवलेला, काही मिलिव्होल्टचा आवाज मोठा करून घेणारा. त्याच्यात मिक्सरचा मेन आउट लावणं म्हणजे ठिबकच्या नळीला पाच हॉर्सपॉवरची मोटर जोडणं. नळी फुटली नाही, नशीब.

दुसरा प्रयोग अडीचशे रुपयांचा. पेनड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड, एका बाजूला हिरवं भोक, एका बाजूला गुलाबी. कुठल्या कंपनीचं होतं ते त्यावर लिहिलेलंच नव्हतं. गुलाबी भोक पुन्हा माइकचंच निघालं, पुन्हा एकेरी, आणि वर सतत पावसासारखा सूं आवाज. ते आता दुकानात आहे. एका ऑनलाइन क्लासवाल्या पोराला बोलायला चालतं, त्या कामाला वाईट नाही.

मग वाचून, व्हिडिओ बघून यूसीए २०२ मागवली. मला सव्वातीन हजारांना पडली. डबी हातात घेतली तर मनात आलं, फसलो. पत्त्यांच्या कॅटाएवढी, चंदेरी, इतकी हलकी की आत काही आहे की नाही असं वाटावं. एका अंगाला आरसीएची (डीव्हीडी प्लेअरला असतात तसली) चार भोकं, दोन आत यायची, दोन बाहेर जायची. हेडफोनचं भोक, त्याच्या आवाजाचं चाक, 'मॉनिटर' लिहिलेला एक छोटा खटका आणि लाल प्रकाशाचं एक ऑप्टिकल आउट, जे मला जन्मात लागणार नाही. वेगळा चार्जर नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते. विंडोजला तिची सीडी-बिडी काही लागली नाही. लावली आणि अर्ध्या मिनिटात 'यूएसबी ऑडिओ कोडेक' असं नाव येऊन बसलं.

आता मिक्सरमधून या डबीत काय लावायचं? मी आपलं पुन्हा मेन आउट. आवाज या वेळी दोन्ही बाजूंनी आला, पण माय जरा वरच्या पट्टीत गेली की कॉम्प्युटरवरची आवाजाची पातळी दाखवणारी रेघ वर आपटायची आणि लाल व्हायची. फेडर (आवाज कमी-जास्त करायचा सरकता खटका) खाली घेतला, तर इतका खाली घ्यावा लागला की केसाएवढं हललं तरी आवाज गायब. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी नाना काठी टेकत आले, मिक्सरच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "आपला टेप कोठे लागे रे?"

मिक्सरच्या मागे मेन आउटच्या बाजूला दोन आरसीए भोकं, एक लाल, एक पांढरं. वर 'रेक' लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. नाना सप्ताहात कीर्तनाच्या कॅसेटी भरायचे तेव्हा टेप इथेच लागायचा. मी ती भोकं पन्नास वेळा पुसली असतील. वायर तिथे लावली, फेडर मधोमध आणला, आणि रेघ जिथे हवी तिथे.

यामागचं गणित नंतर समजलं ते सांगतो, कारण याच एका गोष्टीवर लोक पैसे घालवतात. स्टेजच्या सामानाची पातळी आणि घरच्या सामानाची पातळी वेगळी धरलेली असते. मिक्सरचा मेन आउट अधिक ४ डीबीयूच्या (डीबीयू, डीबीव्ही ही ती पातळी मोजायची मापं) हिशोबाने, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. टेप, डेक, डीव्हीडी प्लेअर यांचा हिशोब वजा १० डीबीव्हीचा, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. जवळजवळ चौपट फरक. ही डबी घरच्या सामानाच्या जातीची आहे. तिच्यावर आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही (हेडफोनचं आहे, रेकॉर्डिंगचं नाही), त्यामुळे जे मिक्सरकडून येईल ते ती मुकाट घेते. जास्त आलं तर फाटतं, आणि एकदा फाटून आत गेलेला आवाज कॉम्प्युटरवर कितीही बारीक करा, फाटलेलाच राहतो. बऱ्याच मिक्सरांना 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' असतो आणि तो बहुतेक वेळा याच खालच्या पातळीला बांधलेला असतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी मेन आउटकडे बघायचंच नाही. मिक्सर घ्यायच्या वेळी समोरची बटणं सगळेच बघतात, मागे वाकून ही दोन भोकं बघा.

वायरीचं. पहिली वायर मी साठ रुपयांची घेतली होती. दुसरी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानात साडेतीनशेला घेतली. सुरुवातीला दुकानदाराशी वादच घातला. म्हटलं, दोन्हीकडे लाल-पांढरंच आहे, सोन्याचा मुलामा माझ्या कामाचा नाही. त्याने काही बोलायच्या ऐवजी ड्रॉवरमधून तुटक्या वायरीचे दोन तुकडे काढले आणि ब्लेडने साल सोलली. एकीत आतल्या तारेभोवती तांब्याची बारीक जाळी, वेणी घातल्यासारखी गच्च. दुसरीत चार-पाच तारा नुसत्या बाजूने पळत गेलेल्या, म्हातारीच्या विरळ केसांसारख्या. "ही जाळी बाहेरची घरघर अडवते, मुलामा गेला तरी चालेल," म्हणाला. मी मुकाट्याने पैसे दिले. वर त्याने सांगितलं की दीड मीटरचीच न्या, पाच मीटर नेऊन गुंडाळी करून चार्जरजवळ ठेवू नका. असा दुकानदार मिळाला तर धरून ठेवा.

आणि तरीही घरघर होती.

घरघर म्हणजे भांड्यात भुंगा सापडल्यासारखी, एकसुरी. कोणी गात असताना जाणवायची नाही, पण कडवं संपून दम घ्यायला माय थांबली की भुंगा गायला लागायचा. मी वायर बदलली, डबी दुसऱ्या यूएसबीत लावली, पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. दुकानातून मोटारीच्या टेपला लावतात तसला ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, तीनशेचा. घरघर गेली. पण ढोलकीची घुम पण गेली. काकांच्या ढोलकीचा धुम्म ऐकू येईना, नुसती टकटक. त्या नळकांड्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातले असले की खालचा सूर गिळतात. बोलण्यापुरतं ठीक आहे. ढोलकी, पखवाज, डफ असेल तर घेऊ नका.

शेवटी निदान मायनेच केलं, नकळत. मी हेडफोन लावून डोळे मिटून भुंगा शोधत बसलो होतो. लॅपटॉपचा चार्जर स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावलेला, कारण ओसरीतल्या बोर्डावर मिक्सर (नानांचा) होता. माय आली, "माले चटनी वाटनी शे" म्हणाली आणि चार्जरची पिन उपटली. त्या क्षणी हेडफोनमध्ये जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. दोन सेकंद, फार तर तीन. मग तिने तिचा मिक्सर चालू केला.

म्हणजे प्रकार असा होता. मिक्सरची अर्थिंग ओसरीच्या बोर्डातून, लॅपटॉपच्या चार्जरची स्वयंपाकघराच्या बोर्डातून. दोन्ही यंत्रं आरसीए वायरने एकमेकांना जोडलेली. त्यामुळे अर्थिंगचं एक मोठं वेटोळं घरभर तयार झालं होतं आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण त्या वेटोळ्यातून फिरत थेट गाण्यात. इलाजाला एक रुपयाही लागत नाही. दोन्ही पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावायच्या. आणि गाणं महत्त्वाचं असेल तेव्हा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर. माझी बॅटरी पाऊण तास जाते, तेवढ्यात पाच-सहा गाणी होतात, मग चहा.

एक्स्टेन्शनवर आणल्यावर ऐंशी टक्के गेली, थोडी राहिली. वायरमनला बोलावलं तर त्याने बोर्ड उघडून सांगितलं की ओसरीच्या बोर्डात तिसऱ्या भोकाची वायर नुसती टेकलेली आहे, धड जोडलेलीच नाही. घर बांधून वीस वर्षं झाली, कोणाला पत्ता नाही. नवी वायर ओढली. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भाजून निघते, तेव्हा खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं, नाहीतर कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. घरघर घालवायला काही जण पिनचा वरचा जाड दांडा तोडून टाकतात. तो प्रकार करू नका. आवाज गेला म्हणून आनंद होईल आणि एक दिवस माइक ओठाला लावल्यावर झटका बसेल. नानांनी सर्व्हिसच्या काळात असे झटके खाल्लेत, विचारा त्यांना.

सॉफ्टवेअरचं फार सांगायला नको. ऑडॅसिटी फुकट आहे, पुरते. रेकॉर्डिंगचं साधन म्हणून 'यूएसबी ऑडिओ कोडेक' निवडायचं, चॅनेल दोन, ४४१०० हर्ट्झ. विंडोजमध्ये या डबीला कधी कधी माइक समजून एकच चॅनेल दिलेला असतो, साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन चॅनेल, १६ बिट करून घ्या, आणि आवाज 'सुधारायच्या' ज्या काही खुणा असतील त्या काढून टाका. रेघ मोठ्यात मोठ्या आवाजाला वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या मध्ये नाचली पाहिजे. शून्याला शिवली की गेलं. १६ बिट, दोन चॅनेलला एक मिनिट साधारण १० एमबी धरा. रात्रभराचं जागरण भरायचं असेल तर जागा बघून ठेवा.

एक गंमत. डबी लावली की विंडोज आपला सगळा आवाज तिच्याकडेच पाठवायला लागतं. दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉप मुका. मी स्पीकर खराब झाला म्हणून रिपेअरवाल्याला फोन करायच्या बेतात होतो. डबी बॅगेत नव्हती, यूएसबीला लोंबकळत होती.

आणि एक किंकाळी. रेकॉर्ड केलेलं ऐकायला म्हणून मी डबीचं आउट परत मिक्सरच्या सात-आठ चॅनेलला लावलं होतं. ऑडॅसिटीत आत येणारा आवाज लगेच ऐकवायची खूण चालू. मिक्सरमधून कॉम्प्युटरात, कॉम्प्युटरमधून मिक्सरमध्ये, पुन्हा कॉम्प्युटरात. गोल गोल फिरून अशी शिट्टी उठली की शेजारच्या म्हशीने दोरी ताणली. आता डबीचं आउट कशालाच लावत नाही. रेकॉर्ड करताना हेडफोन मिक्सरला, ऐकताना डबीला. मिक्सरवर ऐकण्याचा दुसरा फायदा म्हणजे आवाज उशिरा येत नाही. कॉम्प्युटरमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज ऐकत मायला गाता येईना, तिला वाटायचं मागून कोणीतरी तिची नक्कल करतंय.

डबीत जे नाही ते आधीच समजून घ्या म्हणजे नंतर शिव्या द्यायला नकोत. माइक थेट लागत नाही, मिक्सर हवाच. मिक्सरवर किती का चॅनेल असेना, कॉम्प्युटरात दोनच जातात, डावं आणि उजवं. आठ माइक आठ वेगळ्या पट्ट्यांवर हवे असतील तर ही वस्तू तुमची नाही, तेवढ्या चॅनेलचा इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरात घालणारी मोठी पेटी) घ्यावा लागतो आणि त्याची किंमत नानांच्या पूर्ण सर्व्हिसएवढी होते. एकटेच बोलणार असाल, पुस्तक वाचणार असाल, तर मिक्सर आणि डबी दोन्ही नको, ४८ व्होल्टवाला माइक (ज्याला वीज इंटरफेसकडूनच मिळते) लागेल असा एका माइकचा इंटरफेस घ्या आणि मोकळे व्हा. ज्यांच्या घरी मिक्सर आधीच पडून आहे त्यांच्यासाठी ही डबी.

दोनच पट्ट्या असल्या तरी त्यातून एक युक्ती निघते. मायचा माइक पॅनच्या बटणाने पूर्ण डावीकडे, ढोलकीचा पूर्ण उजवीकडे. ऑडॅसिटीत ती पट्टी दोन एकेरी पट्ट्यांमध्ये फोडायची सोय आहे. मग माय वेगळी, ढोलकी वेगळी, दोघांचा आवाज हवा तसा ठेवता येतो. काका जोशात आले की ढोलकी मायवर चढते, ती आता मी गुपचूप उतरवतो. काकांना वाटतं तेच संयमाने वाजवतात. बोलू नका कोणी.

सगळं जमल्यावर पहिलं गाणं मायला ऐकवलं. ती हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसली, गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "मन्हा आवाज असा शे का?" आणि लगेच दुसऱ्या कडव्यात शब्द चुकला म्हणून परत भरायला लावलं. त्या गाण्याचे आता सात टेक आहेत. सातही मी ठेवलेत. मोबाइलमध्ये न ऐकू आलेली एक गोष्ट त्यात ऐकू येते. कडवं उचलायच्या आधी ती जीभ टाळूला लावून बारीक 'च्' करते. प्रत्येक वेळी. चाळीस वर्षं ऐकतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

आवाजाच्या दर्जाबद्दल एवढंच सांगतो की १६ बिटची ही डबी आहे, स्टुडिओवाले नाक मुरडतील. आमच्या ओसरीत बाहेरून चिमण्या, गाडीवाल्याची भाजी, दर तासाला एसटीचा हॉर्न. त्या आवाजांच्या खाली डबीचा स्वतःचा आवाज मला अजून सापडलेला नाही. सव्वातीन हजारांत मी खूश आहे. वही (आमच्याकडची डफावरची लोकगाणी) गाणारी एक मंडळी एका रविवारी येऊन गेली, त्यांचे डफ जरा लांब बसवले आणि तेही छान आले.

एकच गोष्ट खटकते. डबीची यूएसबी वायर तिच्या अंगातूनच निघालेली आहे, काढून दुसरी लावता येत नाही. ती वायर तुटली की सोल्डरिंग, नाहीतर सगळी डबी बाद. म्हणून मी तिला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वायर सैल गुंडाळून ठेवतो आणि कोणालाही उसनी देत नाही. माइक न्या, स्टँड न्या, नानांना विचारून मिक्सर न्या. परवा भजनी मंडळाचा पोरगा आला, दारातूनच ओरडला, "काकू, मिक्सर द्या ना, रात्री भजन आहे." माय आतून चटणीचा मिक्सर भांड्यासकट घेऊन आली.